एकीनं मशीनजवळ थांबायचं

अक्का,

परवा पेरूच्या पानांवर संशोधन करणारा तो उंच मुलगा दारात उभा राहून म्हणाला, "अक्का, दोनच ट्यूब आहेत." मी आतून "आले" म्हणाले आणि उठलेसुद्धा. दारापर्यंत पोचल्यावर लक्षात आलं की ही हाक तुम्हांला नव्हती. तुम्ही गेल्याचं त्याला ठाऊक होतं. बातमी आली त्या दिवशी तो बाहेरच्या बाकावर बसून हुंदके देत होता, मीच त्याला पाणी नेऊन दिलं होतं. हाक मला होती. इतक्या थोड्या दिवसांत या लोकांनी मला अक्का करून टाकलं आणि मी निमूट ओ दिली. दोनच म्हणाला आणि पिशवीतून मूठभर ट्यूब काढल्या, हे तुम्हांला सांगायला नकोच.

तुमची शोकसभा झाली. संचालकांनी तुमच्या पदव्या वाचून दाखवल्या, मग सगळे उभे राहिले, मग कॅंटीनचा चहा आला. मी दाराजवळच्या खुर्चीत बसले होते आणि मध्येच एकदा खाली प्रयोगशाळेत जाऊन आले, कारण मशीन चालू होतं. लोकांना ते विचित्र वाटलं असेल. तुम्हांला वाटलं नसतं. तुम्ही उलट विचारलं असतंत, "वर कशाला आलीस मग?"

तुमच्या शेजारणीनं मला सभेनंतर गाठलं. एवढं काय होतं त्या मशीनमध्ये, म्हणाली, बाई कधी आमच्याकडे हळदीकुंकवाला आल्या नाहीत. मी तिला तुमच्याच शब्दांत सांगितलं. रक्तातल्या पेशींना आधी रंग लावायचे, मग त्यांना एका बारीक धारेतून, एकामागून एक, लेझरच्या उजेडासमोरून न्यायचं. जिच्या अंगाला जो रंग चिकटला असेल तो चमकतो, आणि मशीन एकेकीची दखल घेतं. त्यावरून कळतं की रक्तात कोण घरचं आहे आणि कोण घुसलेलं आहे. शाळकरी मुलं बघायला आली की तुम्ही म्हणायचात, जत्रेत देवळाच्या दारात बांबू लावून रांग करतात की नाही, तसं. ढकलाढकली झाली की दर्शन कोणालाच नाही. शेजारणीला ते पटलं. पण हळदीकुंकवाचं ती विसरली नाही.

तिला मी आपला नियम सांगितला नाही. सांगून पटला नसता. मी यायच्या आधी कधीतरी मशीन सुरू ठेवून सगळे जेवायला गेले होते, हवेचा बुडबुडा आत शिरला आणि एका पेशंटचं होतं नव्हतं ते सगळं सॅम्पल वाया गेलं. त्या पेशंटकडून दुसऱ्यांदा घेता आलं नाही. एवढंच तुम्ही मला सांगितलंत, तेही एकदाच. तेव्हापासून नियम झाला: एकीनं मशीनजवळ थांबायचं. धारवाडची कॉलेजं, संशोधन संस्था, हुबळीची हॉस्पिटलं, सगळ्यांना मिळून हे एकच मशीन, आणि ते चालवणाऱ्या आपण दोघी.

मला तो नियम पहिल्या दिवशी सोपा वाटला. तो किती मोठा आहे हे हळूहळू कळलं. खोली तळघरात, खिडकी नाही, मशीनला गारवा लागतो म्हणून मे महिन्यातही आपण स्वेटर घालून बसायचो. आत खायचं प्यायचं नाही. म्हणून आधी तुम्ही चहाला जायचात, तुम्ही आलात की मी. जेवणाचं तसंच. रजेचं तसंच. माझ्या मुलाच्या मुंजीला तुम्ही आला नाहीत, कारण मी रजेवर होते. तुमच्या पुतणीच्या लग्नाला मी आले नाही, कारण तुम्ही रजेवर होतात. वर्षानुवर्षं दिवसभर शेजारी बसलेल्या आपण एकमेकींच्या घरच्या एकाही कार्यात दिसलो नाही. आपलं आतून पटत नसावं, असा वरच्या मजल्यावर बऱ्याच जणांचा समज होता. तो तुम्हांला आवडायचा. भांडण आहे म्हटलं की लोक ओळख काढून आत घुसायला बिचकतात, म्हणायचात.

पटत नव्हतंच तसं. तुम्हांला माझं हसणं मोठं वाटायचं, मला तुमचं गप्प बसणं. मी एखादी गोष्ट सांगायला लागले की तुम्ही पडद्याकडे बघत "हं" म्हणायचात, आणि आठवड्यानं अचानक विचारायचात, "मग त्या वहिनीनं पुढे काय केलं गं?" माझ्या बाळंतपणाच्या वेळी तुम्ही सगळे महिने एकट्यांनी खेचलेत. ताप अंगावर काढलात. मी परत आले तेव्हा एवढंच म्हणालात, "आलीस काय? जा, चहा घेऊन ये आधी." ते ओझं अजून माझ्या मानेवर आहे. तुम्ही कधी त्याचा उल्लेख केला नाहीत, म्हणून ते उतरवताही आलं नाही.

एकदाच आपण एकत्र बाहेर पडलो. लेझर गेला होता, सुटा भाग बंगळूरहून यायचा होता, मशीनवर कापड टाकलेलं. मला नणंदेच्या लग्नासाठी साड्या घ्यायला हुबळीला दुर्गदबैलच्या बाजारात जायचं होतं. "चल की, मी पण येते," तुम्ही म्हणालात आणि मी चमकलेच. बसमध्ये शेजारी शेजारी बसलो तर काय बोलावं कळेना. दोघींच्या समोर मशीन नव्हतं ना. तुम्ही सारखा फोन काढून बघत होतात. साडीच्या दुकानात तुम्ही कानडीत अशी काही घासाघीस केलीत की दुकानदार शेवटी हात जोडून म्हणाला, अक्का, तुम्हीच इथं गल्ल्यावर बसा. मग मी बिल करेपर्यंत तुम्ही गायब. शोधत गेले तर हातगाड्यांच्या पलीकडे एका हार्डवेअरच्या दुकानात तुम्ही नळीचा तुकडा तोंडाला लावून फुंकर मारून बघत होतात आणि तो म्हातारा दुकानदार तोंडाचा आ करून तुमच्याकडे. मशीनच्या टाकीला बसेल का ते बघत होतात.

नंतर कोपऱ्यावर आपण चुरमुऱ्यांचं गिरमिट खाल्लं आणि चहा घेतला. आपण एकत्र घेतलेला तेवढाच चहा. कप धरून तुम्ही म्हणालात, "रोज असं असतं तर मी काय केलं असतं कोण जाणे." मी हसले. मला वाटलं, तुम्हांला सुट्टी सोसत नाही.

आता माझ्या कोंडमाऱ्याकडे येते. तुम्हांला तो माहीत आहे, पण मला एकदा सलग सांगू दे. समोर होतात तेव्हा तुम्ही अर्ध्यात "ट्यूब बदल" म्हणायचात.

विनायकची बदली कोल्हापूरला झाली, मुलगा बापाबरोबर गेला, तिथंच शाळेत रमला. मी इथं नवनगरच्या घरात एकटी. शनिवारी संध्याकाळी बसनं जायचं आणि सोमवारी उजाडायच्या आधीची बस धरून यायचं, कारण सोमवारी सकाळी मणी लावायचे असतात. ते प्लास्टिकचे सूक्ष्म मणी, ज्यांची चमक किती हे आधीच ठाऊक असतं. ते आधी धारेतून सोडायचे, मशीनला नीट दिसतंय की नाही बघायचं, मगच माणसांचं रक्त. तुम्ही घरी पूजा करायचा नाहीत, पण हे मणी कधी चुकवले नाहीत. मी बसमध्ये झोपून मानेला उसण भरवून घेतली, पण मणी चुकवले नाहीत. कोल्हापूरला मी पाहुणी झाले आहे, अक्का. माझ्याच स्वयंपाकघरात चमचे कुठे ठेवलेत ते मुलगा मला सांगतो, आणि अगदी आदरानं सांगतो.

तिथल्या एका कॉलेजात मला शिकवायची जागा मिळत होती. पहिल्यांदा मिळाली तेव्हा तुम्ही म्हणालात, तिसरी कोणी तयार झाली की जा. मला ते रास्त वाटलं. मग तिसरी तयार करायच्या मागे आपण लागलो. एक आली, आठवडाभरात थंडीनं कंटाळून गेली. एकीचं लग्न ठरलं. मग शशिकला आली.

शशिकला कलघटगीची, शाळामास्तरांची मुलगी, एमएस्सी झालेली, दोन मुलांची आई, रोज बसनं येणारी. हात स्वच्छ, डोळा तीक्ष्ण, बोलणं कमी. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली, आणि तुम्हांलाही, नाही म्हणू नका. तिनं सगळं शिकून घेतलं. मग तुम्ही तुमची ती परीक्षा घेतलीत.

ती परीक्षा मला ठाऊक होती, कारण मी ती न कळत देऊन बसले होते. माझ्या पहिल्या आठवड्यात तुम्ही स्वतःचं सॅम्पल माझ्या हातात दिलंत. मी ट्यूब उजेडाला धरून तिरकी केली तर आत गुठळीचा बारीक धागा तरंगत होता. असलं सॅम्पल घातलं की नळी चोंदते आणि पुढच्यांचा दिवस जातो. मी म्हणाले, मॅडम, हे चालणार नाही, गाळून द्या. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत, जाऊन बारीक जाळीतून गाळून आणलंत, आणि दुसऱ्या दिवशी खोलीची दुसरी किल्ली माझ्यापुढे ठेवलीत. तुम्ही मुद्दाम न गाळता दिलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. मशीन कुणालाही शिकवता येतं, तुमचं म्हणणं, मोठ्या माणसाला नाही म्हणणं शिकवता येत नाही. आणि धारवाडात तर जो तो कुणाचा तरी गुरू, नाहीतर मामा, नाहीतर घरमालक.

शशिकलासाठी तुम्ही मोठ्या सरांना गाठलंत. आख्खी संस्था त्यांना मोठे सर म्हणते. शशिकला तर त्यांच्या वर्गात बसलेली. त्यांना म्हणालात, न गाळलेलं सॅम्पल घेऊन या आणि तिच्या हातात द्या. सरांना मजा वाटली. ते आले, शशिकला ताडकन उभी राहिली, "बर्री सर, कूडरी" म्हणत तिनं त्यांना खुर्ची दिली, ट्यूब घेतली आणि सरळ लावली. नळी चोंदली. संध्याकाळपर्यंत आपण तिघी ती मोकळी करत होतो. तुम्ही तिला काही बोलला नाहीत. मला म्हणालात, "शशिकला अजून तयार नाही."

त्यावरून आपलं जे भांडण सुरू झालं ते संपलंच नाही. मी म्हणाले, ही फसवणूक आहे. शाळामास्तरच्या मुलीनं आपल्या गुरूला तोंडावर नाही म्हणायचं, ही कसली परीक्षा? तुम्ही म्हणालात, मशीनला गुरू कोण, शिपाई कोण कळत नाही, त्याला गुठळी कळते. मी म्हणाले, एकदा चुकली, पुन्हा बघा. तुम्ही पुन्हा बघितलंत. त्या वेळी तिनं सॅम्पल परत दिलं, पण तुम्हांला तिचा आवाज फार मऊ वाटला. त्यानंतर तिनं परत दिलं आणि आवाजही चढवला, तर तुम्ही म्हणालात, उद्धटपणा नको. मी हसत सुटले. तुम्ही हसला नाहीत. कोल्हापूरची जागा दुसऱ्या कुणाला गेली. तुम्ही त्या दिवशी तुमचा चहा सोडून मला आधी पाठवलंत, एवढं मी बघितलं.

या वर्षी त्या कॉलेजात पुन्हा जागा निघाली. विनायकनं फोनवर फक्त एवढंच विचारलं, या वेळी येणार आहेस का, की तू येणार म्हणून शेजाऱ्यांना सांगायचं मी बंद करू? तो चिडून बोलला असता तर मी भांडले असते. तो नुसता दमलेला होता.

म्हणून त्या शनिवारी मी तुम्हांला सांगितलं, मी जाणार. तुम्ही मशीनची सुई धूत होतात. "जा की," म्हणालात, "शशिकला तयार झाली म्हणजे जा. मी काय दोरीनं बांधलंय तुला?"

"ती तुमच्या हातून कधीच तयार होणार नाही," मी म्हणाले.

तुम्ही सुई पुसून ठेवलीत, माझा चहा राहिलाय म्हणालात आणि वर गेलात. आलात तेव्हा विषय काढला नाहीत. मीही काढला नाही, कारण मला राग होता आणि तो मला टिकवून धरायचा होता. खोली बंद करताना तुम्ही म्हणालात, "सोमवारी मणी मी लावते. तू सावकाश ये." एवढ्या वर्षांत तुम्ही असं पहिल्यांदा म्हणालात. मी बसमध्ये बसल्यावर त्याचा अर्थ लावत राहिले. तुम्ही मला सोडताय, की समजूत घालताय, की नुसता एक जादा तास झोपू देताय? सोमवारी येऊन विचारीन म्हटलं.

सोमवारी सकाळी तुमच्या भावाचा, श्रीधर अण्णांचा फोन आला तेव्हा मी बसमध्ये होते, बेळगाव नुकतंच मागं पडलं होतं. अक्का पहाटे गेली, म्हणाले. दुपारी नेणार. मी काय बोलले आठवत नाही. आठवतं ते हे, की फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला, म्हणजे मणी लावलेले नाहीत. याचं मला अजून धड वाईटही वाटत नाही. तुमच्याकडूनच आलेलं आहे ते.

मी थेट प्रयोगशाळेत गेले. वाटलं, मणी लावीन, शशिकलाला कुलूप घालायला सांगीन आणि तुमच्याकडे येईन. तेवढ्यात हुबळीच्या हॉस्पिटलातून एका लहान मुलीचा बोन मॅरो आला. डॉक्टरांचा फोनही आला. उत्तरावर औषध ठरणार होतं, पोर खालावत होती. मी रंग घातले. ट्यूब अंधारात ठेवून वाट बघायची असते, तेव्हा दोनदा चप्पल घातली आणि दोनदा काढली. जाऊन परत यायला वेळ पुरत नव्हता. तुमच्या भावाला फोन केला. ते म्हणाले, "तुम्ही मशीनवर असाल हे माहितीच होतं. अक्का असती तर तिनंच सांगितलं असतं, येऊ नको म्हणून." त्यांनी रागावायला हवं होतं, अक्का. रागावले असते तर मी सगळं टाकून पळत आले असते.

मॅरो लावला. पडद्यावर ठिपके उमटले. हव्या त्या ठिपक्यांभोवती माउसनं कुंपण काढायचं, त्याला आपण गेट म्हणतो, आणि ते कुंपण प्रत्येक पेशंटसाठी नव्यानं काढायचं हा तुमचा दंडक. आधीच्या माणसाचं तयार असतं, ते सरकवून वापरायचा मोह होतो. मी पुसलं आणि नवीन काढलं. नको त्या पेशी होत्या, भरपूर. डॉक्टरांना सांगितलं. मशीन धुतलं. मग वर आले तर ऊन कलतं झालेलं आणि तुमचं सगळं उरकलेलं.

शशिकला दिवसभर माझ्या शेजारी होती. तिला तो मॅरो लावता आला असता. ती एका शब्दानं म्हणाली नाही आणि मला सुचलं नाही. बंद खोलीत इतकी वर्षं बसलं की दार उघडं आहे का, हे बघायचं सुटून जातं.

त्यानंतर संचालकांनी मला बोलावलं. आता तुम्हीच, म्हणाले. मी कोल्हापूरचं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, तिसरी तयार करून द्या आणि खुशाल जा. तुमचेच शब्द, जणू तुम्ही जाता जाता त्यांच्या टेबलावर ठेवून गेलात. पण मला हायसं वाटलं. शशिकला आता माझ्या हातात होती. परीक्षा घ्यायची नाही, नाटक करायचं नाही, तिला काम करू द्यायचं आणि जायचं, असं मी ठरवलं. विनायकला कळवलं, येते. मुलानं फोन हिसकावून घेतला आणि माझं कपाट कुठल्या खोलीत लावायचं ते विचारलं.

काल मोठे सर आले. कुणी सांगून आले नाहीत, त्यांचं खरंच काम होतं. मी आत भांडी धुवायच्या बाजूला होते, त्यांना दिसत नव्हते. "शशिकला, दोनच ट्यूब आहेत," सर म्हणाले. तिनं ट्यूब घेतली, उजेडाला धरली, तिरकी केली. माझे हात साबणात तसेच राहिले.

"सर, इदु आगूदिल्री," ती म्हणाली. हे होणार नाही. मग मराठीत, तशाच शांत आवाजात, "धागा आहे. गाळून आणा, तोवर तुमचा नंबर मी धरून ठेवते."

सर जरा घुटमळले. मी तुझा मास्तर आहे, असंही काहीतरी अर्धवट बोलले. ती उभीच होती, हातात जाळी धरून. सरांनी ती जाळी घेतली, बाहेर जाऊन गाळून आणलं आणि बाकावर बसून राहिले. तिनं त्यांच्या नंबराला त्यांचं सॅम्पल लावलं. आवाज मऊही नव्हता, चढलेलाही नव्हता. अक्का, तुम्ही असतात तर तुमच्याकडेही बोलायला काही उरलं नसतं. निदान त्या क्षणी मला तसं वाटलं.

सर गेल्यावर मी हात पुसत बाहेर आले. मला तिला मिठी मारायची होती. तिला द्यायची किल्ली पर्समध्येच होती. ती वळून माझ्याकडे बघत होती, आणि माझ्या तोंडून निघालं, "ट्यूब धरताना हात हलला तुझा. अजून थोडे दिवस बघू."

हात हलला नव्हता. मी आतून स्वतः बघितलं होतं.

शशिकला मान डोलावून "आतु, मॅडम" म्हणाली आणि मशीन धुवायला लागली. तिची बसची वेळ झाली. दारात चप्पल घालताना थांबली. "मॅडम, काय कमी पडलं तेवढं सांगा. अक्कांनी पण कधी सांगितलं नाही. सांगितलं तर मी करते की." तक्रार नव्हती, खरंच विचारत होती. मी म्हणाले, उद्या सांगते. ती गेली आणि मी त्या गार खोलीत स्वेटर घालून बसून राहिले. मशीन बंद होतं. थांबायचं काहीच कारण नव्हतं.

इतकी वर्षं मला वाटत होतं की तुम्ही मला मशीनसाठी अडवलंत. त्याचा राग करणं सोपं होतं. काल कळलं की शशिकला कमी पडत नव्हती, कधीच पडत नव्हती, आणि तुम्हांला ते माझ्याइतकंच दिसत होतं. तुम्हांला घरी गेल्यावर "मग त्या वहिनीनं पुढे काय केलं" असं विचारायला कोणी नव्हतं. मला कोल्हापुरात आहे, सगळं आहे, कपाटाला जागासुद्धा आहे, तरी मी काल तिथं जायला घाबरले, कारण त्या घरात माझ्यावाचून काही अडत नाही. इथं अडतं. तुमचंही असंच होतं का? मी विचारलं असतं तर तुम्ही मला चहाला पाठवलं असतंत.

एकदाच जरी तुम्ही म्हणाला असतात, मेधा, जाऊ नको, मला करमणार नाही, तर मी भांडले असते, रडले असते आणि गेले असते. दर सुट्टीत येऊन तुमच्याशी वाद घातला असता. तुम्ही म्हणालात, शशिकला अजून तयार नाही. काल मीही तेच म्हणाले, आणि त्या वेळी खोलीत मला अडवणारं माझ्याखेरीज दुसरं कोणी नव्हतं.